गो बाजूचं कुंकू

आमच्या कंपनीच्या फाटकावर एक पाटी होती : ‘फक्त एस.एस.सी. पास व आयटीआय झालेल्या उमेदवारांनी चौकशी करावी.’ पाटीखाली स्टुलावर जो वॉचमन बसायचा, त्यानं स्वतः चौथीतून शाळा सोडलेली. गावाकडून आलेली माणसं पाटीपुढे घुटमळायला लागली की तो ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. पाठ होती त्याला. वाचून झालं की ‘तुम्ही यात बसत नाही,’ असंही सांगायचा. ते पाटीवर नव्हतं, पण तोही मजकूर त्याला पाठ झाला होता.

आबा, म्हणजे माझे वडील, ही पाटी लागायच्या आधी आत शिरले होते. बासष्ट सालाच्या आसपास चिंचवडच्या माळावर शेड उभ्या राहत होत्या आणि कंपन्यांना माणसं हवी होती. ती शिकलेली हवीत की न शिकलेली, हे ठरवायला अजून कुणाला सवड झाली नव्हती. आबा नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून एक वळकटी घेऊन आले आणि फाटकाबाहेरच्या रांगेत उभे राहिले. भरती करणाऱ्या साहेबानं तळहात पुढे करायला सांगितले, त्यावरचे घट्टे बघितले आणि म्हणाला, ‘उद्यापासून ये.’ आबांची मुलाखत ती एवढीच. वर्षभरानं त्यांनी कासारवाडीला स्टेशनाजवळ एक खोली बघितली आणि आईला व आम्हा भावंडांना आणलं.

त्यांना आधी ओझी उचलायला ठेवलं, मग ड्रिलिंग मशीनवर. त्यांचं काम बुशचं. बुश म्हणजे पितळेच्या रंगाची एक आखूड जाड नळी. तिच्या आतलं भोक गुळगुळीत आणि नेमक्या मापाचं झालं तर तिच्यात दांडा खडखड न करता फिरतो, नाही तर सगळं यंत्र कुरकुरत राहतं. दहा वर्षांत आबांची करंगळी अशी तयार झाली की ती भोकात फिरवून ते सांगायचे, ‘केसभर घट्ट हाय,’ आणि साहेब मायक्रोमीटर लावून बघायचा तर ते खरोखर केसभर घट्ट निघायचं. मायक्रोमीटर मात्र आबांना वाचता येत नव्हता. आकडे यायचे, पण टिंबाच्या अलीकडचे. टिंबाच्या पलीकडे त्यांना कुणी नेलंच नव्हतं. त्यामुळे ज्या माणसाला माप कळतं त्याला माप वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतं तो मशीनला हात लावत नाही, अशी कंपनीची घडी छान बसली होती.

मी मॅट्रिक झाले तेव्हा आयटीआयचा फॉर्म आणायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, कोणता ट्रेड? मी म्हटलं, मशिनिस्ट. त्यानं पुढे केलेला फॉर्म परत आत ओढला.

“मुलींसाठी कटिंग-टेलरिंग आहे.”

“मला लोखंड कापायचंय.”

“आधी कापड कापून बघा,” तो म्हणाला आणि माझ्या मागच्या मुलाला फॉर्म दिला.

दोन वर्षं मी शेजारणींची पोलकी शिवली आणि कारकुनाचा शब्द राखला. मग आबांच्याच कंपनीला एकदम साक्षात्कार झाला की इन्स्पेक्शनला मुली घ्याव्यात. मुलींचा हात हलका असतो, त्या बिडी ओढायला बाहेर जात नाहीत आणि युनियनच्या गेट मीटिंगला थांबत नाहीत. या तीन गोष्टींना मिळून कंपनीनं ‘पात्रता’ असं नाव दिलं होतं. कामगारांच्या मुलींना आधी घेणार होते. मला घेतलं. सहा महिने टेंपररी, काम बरं वाटलं तर पक्की. घरात आबांच्या पाठोपाठ दुसरा पगार येणार होता आणि माझ्यामागे तीन भावंडं शाळेत होती, त्यामुळे ‘पक्की’ हा शब्द आमच्या खोलीत त्या दिवसांत फार वेळा उच्चारला जायचा. आई तर तो देवाधर्माच्या ठिकाणी वापरायची, कारण देव आमच्या घरातून जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्याबद्दल आत्ताच सांगते, कारण पुढं ते लागणार आहे. आम्ही बौद्ध. आबांनी तरुणपणी दीक्षा घेतली आणि गावातल्या घरातले टाक त्याच आठवड्यात नदीत सोडले. तेव्हापासून पूजा, नवस, अंगारा काही नाही. कासारवाडीच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि तिच्यापुढे संध्याकाळी मेणबत्ती, एवढंच. आईच्या कपाळावर कुंकू मात्र राहिलं होतं. ते धर्माचं नव्हतं, सवयीचं होतं, आणि आबा सवयींच्या वाटेला जात नसत. कुंकू पुसायचं नसतं, एवढं तिनं मला शिकवून ठेवलं होतं.

तर माझं काम. माझ्या टेबलावर वीसेक गेज असायची. गेज म्हणजे मधे धरायला मूठ आणि दोन्ही टोकांना पोलादाचे घोटीव दट्टे. एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. गो टोक भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. गो गेलं नाही तर भोक लहान, नो-गो गेलं तर भोक मोठं. दोन्ही परीक्षांत पास झाला तो माल हिरव्या ट्रेमध्ये, नापास तो लाल ट्रेमध्ये. ना आकडा वाचायचा, ना टिंब. नो-गो बाजूला लाल रंगाचा पट्टा असायचा, म्हणजे बाजू ओळखायलाही अक्षर लागू नये. मॅट्रिक पास मुलगी पाहिजे अशी अट घालून कंपनीनं मला जे काम दिलं, ते अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी शोधून काढलेलं होतं. मला दशांश येत होते. ते मी सहा महिने घरीच ठेवून जात होते.

कोकणातून आलेला एक आयटीआयवाला आमच्या शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, होता. त्याला या ‘गो’चं भारी हसू यायचं. “आमच्याकडे बाईमाणसाला हाक मारताना ‘गो’ लावतात,” तो मला म्हणायचा. “तू दिवसभर ‘गो, नो-गो’ करत बसलीस की मला वाटतं, माझी आये माझ्या बहिणीला उठवतेय.” माणूस चांगला होता. पुढं जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नाही, आणि तसं मी त्याला अनेकदा सांगितलंही. त्यानं मात्र ते कधी पूर्ण मानलं नाही.

कंपनीत ज्या धातूच्या तुकड्यावर काम चालतं त्याला ‘जॉब’ म्हणतात. जॉब लावला, जॉब काढला, जॉब रिजेक्ट झाला. आणि पोटासाठी माणूस जे करतो त्यालाही जॉबच. नवीन माणसाची यात फार गंमत व्हायची. ‘तुमचे आठ जॉब गेले,’ असं कुणी म्हटलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा.

आबांचा माल माझ्याच टेबलावर यायचा. पहिल्या दिवशी ट्रे घेऊन आले आणि दोघंही अवघडलो. ते मला काय म्हणणार? मी त्यांना काय म्हणणार? आबांनी इकडंतिकडं बघितलं, ट्रे ठेवला आणि म्हणाले, “बाई, माल बघा.” मी हसू दाबलं. पण ते गंमत करत नव्हते. त्या दिवसापासून शेडमध्ये मी ‘बाई’ आणि अहो-जाहो, आणि सहाच्या भोंग्यानंतर कासारवाडीच्या रस्त्याला लागलो की ‘पोरी, चल पाय उचल.’ फाटकाची रेघ ओलांडताना त्यांच्या तोंडातलं क्रियापद बदलायचं. मला ते आवडायला लागलं होतं. खरं सांगायचं तर जरा जास्तच आवडायला लागलं होतं.

मला लागून पाच महिने होत आले तेव्हा जर्मनीहून एक मशीन आलं. सहा भोकं एका दमात पाडणारं. ते लाकडी खोक्यातून बाहेर काढायला दोन दिवस लागले आणि त्या खोक्याच्या फळ्या कोण नेणार यावर आणखी दोन दिवस गेले. ते चालवणाऱ्याला वरची ग्रेड मिळणार होती. कंपनीनं ठरवलं की बाहेरून माणूस न आणता आतल्यांचीच ट्रेड टेस्ट घ्यायची. आधी लेखी परीक्षा ठेवली होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बुशची ज्यांना खरी माहिती आहे ते सगळे लेखीतच गळतील. तेव्हा नुसती हाताची परीक्षा ठेवली : प्रत्येकानं पन्नास बुश करायचे, ज्याचे कमी रिजेक्ट होतील त्याला मशीन. शेवटी दोनच नावं उरली. आबा आणि कोकणातला आयटीआयवाला.

आबांना ते मशीन हवं होतं. असं काही हवं असल्याचं ते कधी बोलत नसत, पण त्या दिवसांत जेवताना भाकरी मोडता मोडता मधेच थांबायचे आणि म्हणायचे, “सहा भोकं. एकदम.” अकरा वर्षं हेल्परच्या वरच्या आणि कारागिराच्या खालच्या कुठल्या तरी ग्रेडमध्ये त्यांना ठेवलं होतं, कारण कारागीर म्हणायला कागद लागतो. हा पहिला दरवाजा होता ज्याला कागद लागत नव्हता. त्यांचं वय बघता तो शेवटचाही होता. हे त्यांना कळत होतं, आईला कळत होतं आणि मला तर माझ्या टेबलावरून रोज दिसत होतं.

टेस्टची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची धरली. त्याच्या दोन दिवस आधी, खंडेनवमीला, शॉपमध्ये पूजा. दर वर्षी आबा काय करायचे ते मी ऐकून होते, त्या वर्षी पाहिलं. सकाळभर त्यांनी रॉकेलनं आपलं मशीन असं घासलं की त्यात तोंड दिसावं. मग झेंडूची टोपली आली तेव्हा हात पुसत बाहेर नळावर निघून गेले. जाताना कुणीतरी विचारलं तर म्हणाले, “मशीनला तेल लागतंय. फूल न्हाई.” इतकंच. वाद नाही, भाषण नाही.

मी नळावर गेले नाही. इन्स्पेक्शनचे साहेब पुण्याहून स्कूटरवर यायचे, स्वभावानं मऊ. ते माझ्यासमोर हळदी-कुंकवाचं तबक धरून म्हणाले, “तुमच्या हातानं होऊ द्या. घरच्या लक्ष्मीचा हात लागलेला बरा.” मला टेंपररी ठेवायचं की पक्कं करायचं, ते त्यांच्या सहीवर होतं. पण नुसती तीच भीती होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. शॉपमधल्या सगळ्या पुरुषांपुढे मला ‘घरची’ म्हटलं, याचं मला बरं वाटलं होतं. जे कारकुनाच्या खिडकीत मिळालं नव्हतं ते इथं तबकात घालून समोर आलं होतं. मी बोट बुडवलं आणि एकेका गेजला कुंकू लावत गेले. कुठं लावावं? नो-गो टोकाला आधीच लाल पट्टा होता. म्हणून दुसऱ्या टोकाला लावलं. दोन्ही बाजू कशा शोभून दिसल्या. साहेब म्हणाले, “छान.” आबा नळावरून येईपर्यंत माझं उरकलं होतं. मी बोट साडीच्या आतल्या काठाला पुसलं.

आता ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेज गंजू नये म्हणून त्याला तेलाचा हात असतो. तेलात कुंकू बसलं आणि वर सुटीचा एक दिवस वाळलं तर त्याचा पापुद्रा होतो. डोळ्याला तो काहीच नाही, पण गेजची सगळी दुनिया केसाच्या दहाव्या हिश्शाची असते. गो टोक तेवढ्यानं लठ्ठ होतं आणि चांगल्या भोकात जात नाही. ही चूक जर्मनीत कुणी करणार नाही. जपानमध्येही नाही. त्यासाठी खंडेनवमी पाहिजे आणि कुंकू पुसायचं नसतं असं शिकवणारी आई पाहिजे.

टेस्टच्या दिवशी सकाळी मी बुशच्या मापाचं गेज हातात घेतलं, लाल दिसलं, कापसानं वरवर टिपलं. घासून पुसायला हात धजेना. सिनिऑरिटीप्रमाणे पहिला नंबर आबांचा. सिनिऑरिटीचा त्यांना अकरा वर्षांत झालेला हा पहिला फायदा.

त्यांनी ट्रे आणला. मागे साहेब उभे, बाजूला कोकणातला, आणखी दहा-बारा जण. “बाई, माल बघा,” आबा म्हणाले. मी पहिला बुश उचलला. गो टोक लावलं. ते तोंडाशीच अडलं. दुसरा. अडला. तिसरा, चौथा, पाचवा. आबांची भोकं नेहमी घट्ट बाजूची असायची, मापात पण घट्ट, कारण सैल बुशचा आवाज त्यांना सहन होत नसे. लाल ट्रेमध्ये बुश पडण्याचा आवाज त्या शेडमध्ये, मशीनं चालू असताना, मला स्वच्छ ऐकू येत होता.

आबांनी एक रिजेक्ट झालेला बुश उचलला, करंगळी आत फिरवली. मग माझ्या हातातल्या गेजकडं बघितलं. आणि हळूच म्हणाले,

“गेज पूस, पोरी.”

पोरी. सगळ्यांसमोर. आणि ‘पुसा’ नाही, ‘पूस’. मला वाटलं, झालं. आता सगळे म्हणणार, बाप पोरीला शिकवतोय. पाच महिने मी ज्या ‘बाई’वर बसले होते ती खुर्ची कुणीतरी मागून ओढल्यासारखं झालं. साहेब मागे होतेच. मी मान वर न करता, माझ्या नसलेल्या एका आवाजात म्हटलं, “गेज बरोबर आहे. इथं मी कुणाची पोरगी नाही.”

मागून साहेब म्हणाले, “बरोबर.”

आबांनी बुश परत लाल ट्रेमध्ये ठेवला. हात मागे बांधून उभे राहिले. मी पुढचा बुश उचलला. पंचविसाव्याच्या पुढं एखाददुसरा जाऊ लागला, शेवटचे तर सगळेच गेले. मी मनाशी म्हटलं, उशिरा का होईना हात बसला. पन्नासांत एकतीस लाल ट्रेमध्ये. मग कोकणातल्याचा ट्रे आला आणि गो टोक त्याच्या भोकांत सुळकन जात राहिलं. त्याचे दोनच रिजेक्ट झाले. आबांच्या बुशांनी घासून घासून गेज स्वच्छ केलं होतं आणि त्याचा लाभ ज्याचा दुसरा नंबर होता त्याला मिळाला.

संध्याकाळी गेज ठेवण्याआधी पेट्रोलमध्ये बुडवून पुसायची, असा नियम होता; खंडेनवमीला पूजेनंतर तो कुणी पाळला नव्हता. मी पुसलं. पांढऱ्या कापसावर गुलाबी डाग आला. मग लाल ट्रे ओढला. एक बुश उचलला, गो लावलं. गेलं. नो-गो लावलं. थांबलं. दुसरा. तिसरा. एकतीसच्या एकतीस पास. भोंगा झाला तरी मी तिथंच होते.

आता मला सांगायला आवडेल की मी तडक साहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. गेले हे खरं. कागदावर लिहूनही दिलं : ‘गेजला कुंकू लागलेले आढळले.’ मराठी व्याकरणाचे माझ्यावर फार उपकार आहेत. ‘लागलेले आढळले’ म्हटलं की लावणारीचं काही कारणच उरत नाही. साहेबांनी विचारलं, “कुणी लावलं?” तबक त्यांनीच धरलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. “पूजा सगळ्यांनीच केली, सर,” मी म्हटलं. त्यांना हायसं वाटलं.

“कुंकू लिहू नका,” ते म्हणाले. “वर जर्मन साहेब वाचतात. फॉरेन मॅटर लिहा.”

मी तसं लिहिलं; फॉरेन मॅटर म्हणजे बाहेरून चिकटलेली परकी वस्तू. ज्या कंपनीत मशीन फॉरेनचं, ड्रॉइंग फॉरेनचं, साहेबांचं पेनसुद्धा फॉरेनचं, तिथं एकटं आमचं कुंकू फॉरेन मॅटर ठरलं. कागदाचं पुढं काय झालं हेही ठरल्यासारखंच. निकाल लागलेला आहे, मशीनवर माणसाचं नाव चढलेलं आहे, पुढच्या मशीनच्या वेळी विचार करू. पुढचं मशीन आलं ते आठ वर्षांनी, आणि ते चालवायला डिप्लोमा लागत होता.

गेजला काहीतरी लागलं होतं, असं आबांना घरी जाताना मी सांगितलं. काहीतरी. ते म्हणाले, “व्हय का,” आणि स्टेशनवरच्या गाडीकडं बघत राहिले. तीन आठवड्यांनी माझं पक्कं झाल्याचं पत्र आलं. आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं, स्वतः जाऊन भजी आणली, आणि ते पत्र तसबिरीच्या मागे खोचून ठेवलं.

त्यांनी त्या एकतीसांतला एक बुशही भंगारातून मागून आणला होता. वॉचमनला चिठ्ठी दाखवून, रीतसर. तो त्यांनी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती उभी करायला ठेवला. रोज संध्याकाळी आई त्यात मेणबत्ती लावायची आणि रोज संध्याकाळी मी दुसरीकडं बघायची. मला वाटायचं, हा माझ्यासाठी ठेवलाय. बोलत नाहीत, पण रोज दाखवतात. एकदोनदा तर मला रागही आला. आपलाच अपराध असला की राग फार लवकर येतो.

मधली वर्षं कंपनीची भरभराटीची. मला कोर्सला पाठवलं, माझे दशांश कामाला आले, गेज रूमचा ताबा मिळाला. ‘गेज वापरण्यापूर्वी पुसावे’ हे वाक्य मी नव्या मुलींकडून पाठ करून घ्यायची आणि का ते सांगायची नाही. खंडेनवमीला मी गेज रूमला कुलूप लावायची. लोक म्हणायचे, बाई कडक आहेत. आबांना जर्मन मशीनवर माल चढवायला ठेवलं. कोकणातल्याला मशीनचा आवाज बदललेला कळायचा नाही. आबा बाजूला उभे राहून मानेनं खूण करायचे, मग तो थांबवायचा. अशी ती सहा भोकं दोघं मिळून पाडत होते आणि ग्रेड एकाला होती. नंतर कंपनीनं प्रौढ कामगारांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला तेव्हा आबा बसले. अक्षरं शिकले. टिंबाच्या पलीकडचे आकडेही शिकले. ज्या वर्षी ते शिकून झाले त्या वर्षी त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली, निदान गावच्या मास्तरांनी अंदाजानं लिहिलेल्या जन्मतारखेप्रमाणे.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. तोवर ऐंशी साल उलटून गेलं होतं. घरी आल्यावर आईनं मेणबत्ती लावली आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले.

“आबा, ते कुंकू मी लावलं होतं.”

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. हार अजून गळ्यात होता.

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगंल? तुझ्या बोटाला लाल हुतं. जेवायच्या सुट्टीत भाकर मोडाय लागलीस तवा दिसलं.”

म्हणजे खंडेनवमीलाच. टेस्टच्या दोन दिवस आधी.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“बोललो की. गेज पूस म्हणलो.”

आबा हार काढून खुंटीला अडकवत होते. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, कामाची गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते. “त्याच्या म्होरं बोललो असतो तर साहेब म्हणला असता, कुणी लावलं. तुझं पक्कं व्हायचं हुतं.”

“आणि हा बुश का आणून ठेवलात मग?”

“का म्हंजी? चांगलाय त्यो. होल बराबर हाय त्याचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो बुश मेण खरवडून रुमालात बांधला आणि कंपनीत नेला. फाटकावर वॉचमननं पिशवी उघडली. तोच म्हातारा. कंपनीचा माल बाहेर नेणाऱ्याचं काय करायचं हे त्याला ठाऊक होतं, आत आणणाऱ्याचं काय करायचं याचा नियमच नव्हता. थोडा वेळ त्यानं बुशकडं आणि माझ्याकडं बघितलं आणि जाऊ दिलं. गेज रूममध्ये मी बुश पेट्रोलनं धुतला. त्या मापाचं गेज काढलं आणि पुसलं. एकदा पुसलं, पुन्हा पुसलं. गो गेलं. नो-गो थांबलं. मी हिरवं लेबल घेतलं, त्यावर ‘ओके’ लिहिलं, तारीख घातली आणि खाली सही केली. ज्या तारखेला करायला हवी होती तिला नऊ वर्षं होऊन गेली होती.

संध्याकाळी लेबल बांधलेला बुश आबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा शोधला. लेबल दिव्याजवळ धरून अक्षर अक्षर लावून वाचलं. सहीवर बोट ठेवून माझं नाव मोठ्यानं वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग बुश जागेवर ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले,

“बाई, माल पास केलात. बरं झालं.”